वणव्याआधीची आग

माणूस आणि वणवा : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकी वनखात्याचं ‘प्रत्येक आग विझवायची’ हे धोरण कसं घडलं ते पाहिलं. १९१०च्या उन्हाळ्यात आयडाहो आणि मोंटाना भागात तीस लाख एकरांच्या आसपास जंगल जळालं. त्या धक्क्याने हे खातं आगीकडे शत्रू म्हणून पाहू लागलं. १९३५मध्ये तर दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे, असा दंडक झाला. या धोरणाची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न आपण तिथे सोडला होता. त्याच्या उत्तरासाठी आज कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात जाऊ.

हे खोरं कारुक लोकांचं. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या आदिवासी समाजांपैकी हा एक. हॅपी कॅम्प, सोम्स बार, ऑर्लिन्स या नदीकाठच्या लहान वस्त्यांमध्ये आजही त्यांची घरं आहेत. त्यांची मूळ भूमी दहा लाख एकरांहून मोठी. १८५१ साली सरकारी प्रतिनिधींनी त्यांच्याशी तह केला, पण अमेरिकी सिनेटने त्याला मंजुरी दिली नाही. जमीन मात्र गेली. आज तिचा बहुतेक भाग क्लॅमथ आणि सिक्स रिव्हर्स या राष्ट्रीय वनांत आहे. म्हणजे ज्या डोंगरांवर कारुकांचं पोट, पूजा आणि पूर्वज आहेत, त्या डोंगरांवर काडी ओढायची तर दुसऱ्याची परवानगी लागते. आजच्या लेखाचा विषय ही काडी आहे.

आगीचं पंचांग

या खोऱ्यात उन्हाळा कोरडा असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो, डोंगर उभ्या चढाचे असतात आणि ऑगस्टमध्ये पावसाविना पडणारी वीज कुठल्याही कड्यावर आग लावू शकते. आग येणार हे इथे धरूनच चालायचं. ती कधी, केवढी आणि कुणाच्या सोयीने येणार, एवढं ठरवणं माणसाच्या हातात असतं. कारुकांनी ते हजारो वर्षं स्वतः ठरवलं.

टॅनओक हे त्यांचं अन्न देणारं झाड. त्याची फळं, म्हणजे एकॉर्न, दळायची, पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन तुरटपणा काढायचा आणि पेज शिजवायची, हा पिढ्यान् पिढ्यांचा आहार. या फळांना अळी लागते आणि किडकी फळं आधी गळतात. ती गळली की झाडाखालच्या पाचोळ्याला हलकी आग द्यायची. अळ्या मरतात, पुढच्या वर्षीची कीड घटते, जमीन साफ होते आणि मागाहून गळणारी निरोगी फळं वेचायला सोपी जातात. ज्वाळा गुडघ्याच्या वर जाऊ दिल्या नाहीत, तर मोठ्या झाडाचं फारसं बिघडत नाही.

हेझलच्या झुडपांचा हिशेब वेगळा. टोपल्या विणणाऱ्या स्त्रियांना लांब, सरळ, बिनफाट्याच्या काड्या लागतात. म्हाताऱ्या झुडपाच्या काड्या वाकड्या आणि किडक्या निघतात. तेच झुडूप जाळलं की मुळापासून सरळ धुमारे फुटतात आणि एक-दोन हंगामांत काढायला येतात. तान्ह्या बाळाला ठेवायची टोपली आणि तापलेले दगड टाकून पेज शिजवायची टोपली, दोन्ही अशाच काड्यांच्या. खालच्या अंगाला राहणाऱ्या युरोक समाजातल्या मार्गो रॉबिन्स यांनी कल्चरल फायर मॅनेजमेंट कौन्सिल ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला, त्यामागे या काड्यांचीच गरज होती. काड्या मिळेनाशा झाल्या तर टोपल्या थांबणार, आणि टोपल्या थांबल्या तर त्यांच्याबरोबरचं शिक्षणही थांबणार, हे त्या भागातल्या विणकर स्त्रियांनी फार आधी ओळखलं.

माळ जाळले की कोवळं गवत उगवतं आणि त्यावर हरणं, एल्क येतात. कड्यांवर आग फिरवली की वाटा मोकळ्या राहतात. आणि सामन माशांसाठीही आग लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस सामन नदीतून वर चढतात तेव्हा पाणी गरम असेल तर मासा आजारी पडतो. जगाच्या नवीकरणाच्या विधीत कारुक लोक सोम्स बारजवळच्या ऑफिल्ड पर्वतावर आग लावत. धुराने ऊन अडतं आणि नदी गार होते, हे त्यांना ठाऊक होतं. धुराच्या दिवसांत क्लॅमथच्या खोऱ्यातल्या नद्या-ओढ्यांचं पाणी खरोखर थंड होतं, हे २०१८मध्ये एका शास्त्रीय अभ्यासाने मोजून दाखवलं. त्या अभ्यासाचे एक लेखक फ्रँक लेक हे अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ असून स्वतः कारुक वंशाचे आहेत.

या आगी किती असतील? २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कारुक समाजासोबत केलेल्या अभ्यासाने सुमारे २ लाख ६४ हजार हेक्टर क्षेत्रासाठी अंदाज काढला : वसाहतीपूर्वी वर्षाला जवळपास ७ हजार आगी, म्हणजे आग लावणाऱ्या दर माणसामागे वर्षाला सहा-सात. प्रत्येक कुटुंबाच्या जागा ठरलेल्या, प्रत्येक जागेचा हंगाम ठरलेला. राब भाजणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे परकं वाटणार नाही. हजारो लहान आगींनी पाला-काटकी संपवलेल्या डोंगरावर वीज पडली, तरी आग पसरायला जागा सापडत नसे. वणव्याची तयारी म्हणून वेगळं काही करावं लागत नव्हतं. अन्न मिळवणं, टोपली विणणं आणि देवाधर्माचं करणं यांतच ती होऊन जाई.

बंदीचं शतक

१८५० साली, कॅलिफोर्निया राज्य झालं त्याच वर्षी, इंडियनांच्या, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या, ‘संरक्षणा’च्या नावाने एक कायदा आला. त्यात माळ जाळणं शिक्षापात्र ठरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वनखातं आलं. १९११च्या वीक्स कायद्यानंतर आग विझवण्यासाठी केंद्राचा पैसा वाहू लागला. १९१८मध्ये ऑर्लिन्सच्या एका वन अधिकाऱ्याने वरिष्ठांना पत्र लिहिलं आणि आग लावणारे इंडियन दिसले की त्यांच्यावर गोळी झाडावी, असा उपाय सुचवला. कारुक घरांमध्ये ही आठवण अजून ताजी आहे. आजीने लपूनछपून टोपलीच्या काड्यांपुरती आग लावायची आणि नातवाने कोणी येत नाही ना ते पाहायचं, अशी एकेक पिढी गेली.

आग थांबली, पण जंगल वाढायचं थांबलं नाही. डग्लस फर हा सूचिपर्णी वृक्ष माळांवर आणि ओकच्या रायांमध्ये घुसला, झुडपांची दाटी झाली, पाचोळ्याचे थर चढले. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तळ्यांच्या गाळातले परागकण, झाडांवरचे आगीचे व्रण आणि आदिवासींच्या मौखिक आठवणी एकत्र ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा, की गेल्या हजार वर्षांतल्या बहुतेक काळात क्लॅमथ डोंगरांवरच्या जंगलाचा भार आजच्या सुमारे निम्माच होता. ज्याला पाहुणे ‘अस्पर्श अरण्य’ म्हणून डोळे भरून पाहतात, ते पुष्कळ अंशी बंदीच्या शतकात साचलेलं सरपण आहे.

८ सप्टेंबर २०२०

त्या दिवशी सकाळी हॅपी कॅम्पजवळच्या स्लेटर शिखराकडे आग लागली. कोरडा, जोराचा पूर्वेचा वारा होता. काही तासांत आग इंडियन क्रीकच्या खोऱ्यात उतरली. सुमारे दोनशे घरं गेली, त्यांत अनेक कारुक कुटुंबांची होती. दोन माणसं मृत्युमुखी पडली. आग विझेपर्यंत दीड लाखाहून अधिक एकर जळालं. घरांबरोबर जुन्या टोपल्या, विधींची वस्त्रं, फोटो, म्हाताऱ्यांच्या आवाजातल्या ध्वनिफिती असं पुन्हा न मिळणारं किती गेलं असेल, याचा हिशेब कुठल्याही विमा कंपनीच्या अर्जात मावत नाही.

दोन वर्षांनी, २०२२च्या जुलैअखेर, नदीच्या वरच्या अंगाला मॅकिनी वणवा पेटला. चार माणसं गेली, साठ हजार एकर जळालं. त्यानंतर आलेल्या पावसाने राख आणि चिखल नदीत लोटला, पाण्यातला प्राणवायू संपला आणि मैलोन् मैल मासे मरून तरंगले. लहान आगीचा धूर ज्या सामनला जगवत होता, त्याच सामनच्या नदीत मोठ्या आगीचा चिखल आला. आगीला पूर्णविराम देता येत नाही. तिचं प्रमाण आणि वेळ तेवढी निवडता येते.

आजची तयारी

आज कारुक लोक वणव्याला कसे तोंड देतात? त्यांच्या वर्षाकडे पाहिलं की कळतं.

पावसाळी हिवाळ्यात घरांभोवती तोडणी चालते. जमिनीलगतची झुडपं आणि झाडांच्या खालच्या फांद्या कापतात, कारण त्यांवरूनच ज्वाळा शेंड्यापर्यंत चढतात. कापलेल्या फांद्यांचे ढीग रचतात, कोरडे राहावेत म्हणून झाकतात आणि आसपासची जमीन ओली असताना पेटवतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांना पहिला नंबर असतो. ऑर्लिन्स–सोम्स बार परिसरातली स्थानिक अग्निसुरक्षा परिषद २००१पासून हे काम करते आहे.

शरदात, पहिल्या पावसाच्या आगेमागे, प्रशिक्षणाचा हंगाम येतो. २०१४पासून इथे दरवर्षी सराव-जाळणीची शिबिरं भरतात. कारुक तरुण, वनखात्याचे कर्मचारी, शेजारचे शेतकरी आणि दूरच्या आदिवासी समाजांतले लोक एकत्र येतात. सकाळी हवेतला ओलावा, वारा आणि उतार पाहून निर्णय होतो. जाळरेषा खणल्या जातात, पाण्याचे पंप उभे राहतात, मग कड्यावरून खाली येत ड्रिप टॉर्चने, म्हणजे पेटतं इंधन ठिबकवणाऱ्या डब्याने, पट्ट्यापट्ट्याने आग लावतात. उतार चढणारी आग धावते, उतरणारी हळू चालते, म्हणून सुरुवात वरून. वारा फिरला तर काम त्या दिवशी थांबतं.

उन्हाळ्यात घरोघरी वेगळी तयारी असते. नदीकाठचा महामार्ग ९६ हाच मुख्य रस्ता, म्हणून बाहेर पडायची वाट आधीच ठरवून ठेवावी लागते. आठवडेच्या आठवडे धूर राहतो, म्हणून हवेच्या मोजणीची यंत्रं लागतात आणि वृद्ध व दमेकऱ्यांसाठी हवा गाळणारी साधनं लागतात. वणवा पेटलाच, तर समाजाचे जाणकार आग विझवणाऱ्या पथकांबरोबर जातात आणि बुलडोझरने कुठली जुनी वस्ती, कुठली दफनभूमी, कुठलं विधिस्थान उखडू नये ते दाखवतात. आग विझवताना झालेलं नुकसानही नुकसानच, हे त्यांनी अनुभवाने शिकलेलं आहे.

या सगळ्याला जोडणारी संस्थात्मक चौकटही आहे. वेस्टर्न क्लॅमथ रिस्टोरेशन पार्टनरशिपमध्ये कारुक समाज, वनखातं आणि स्थानिक संघटना एका टेबलाशी बसतात. सोम्स बार भागातल्या सुमारे साडेपाच हजार एकरांवर तोडणी आणि जाळणीची त्यांची संयुक्त योजना राबवली जाते आहे. २०१९मध्ये कारुक समाजाने हवामानबदलाशी जुळवून घेण्याचा स्वतःचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याच्या केंद्रस्थानी आग आहे.

काडी कुणाच्या हातात

कौशल्य होतं, माणसं होती, अडत होतं ते परवानगीवर. योग्य दिवस वर्षात मोजके येतात आणि कागद हलेपर्यंत ते निघून जातात. २०२१मध्ये कॅलिफोर्नियाने सांस्कृतिक जाळणीला, म्हणजे आदिवासींच्या परंपरेने लावल्या जाणाऱ्या आगीला, कायद्यात जागा दिली आणि काळजीपूर्वक जाळणी करणाऱ्यावरचा, आग विझवण्याच्या खर्चाचा बोजा हलका केला. २०२४च्या सप्टेंबरमध्ये आणखी एक कायदा झाला. त्यानुसार मान्यताप्राप्त आदिवासी समाजांना राज्याशी करार करून, दर वेळी वेगळा परवाना न घेता, सांस्कृतिक जाळणी करता येते. २०२५च्या फेब्रुवारीत असा करार करणारा पहिला समाज कारुक ठरला. हा कायदा राज्याचा आहे. त्यांच्या भूमीचा मोठा भाग केंद्राच्या वनांत असल्याने तिथली परवानगी आजही केंद्राकडेच मागावी लागते. म्हणून ही लढाई अर्धीच जिंकली आहे. पण १८५०च्या कायद्यापासून २०२५च्या करारापर्यंतचं अंतर लहान नाही.

कारुकांकडून शिकायचं ते हे. सायरन, हेलिकॉप्टर आणि छावण्या लागतात, पण हा सगळा तयारीचा शेवटचा टप्पा आहे. पहिला टप्पा म्हणजे त्या भूमीवर राहणाऱ्यांना तिची निगा राखण्याचा अधिकार. तो काढून घेतला तर वणव्याची तयारी विझवण्यापुरती उरते, आणि विझवण्याला मर्यादा असते.

महाराष्ट्राचं जंगल क्लॅमथचं नाही. विदर्भातलं पानगळीचं साग-मोहाचं जंगल वेगळं, तिथल्या आगीची कारणं वेगळी, आणि तिकडची रीत उचलून इकडे लावणं धोक्याचं ठरेल. पण एक धागा समान आहे. आपल्याकडेही भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६ने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं. उन्हाळ्यात वणवा लागला की पहिलं बोट मोह वेचणाऱ्या बाईकडे जातं. दुसरीकडे २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकार आणि जबाबदारी दिली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांना मिळाला. या ग्रामसभा आपल्या जंगलाचे आराखडे बनवत आहेत. त्यांत आगीचं पान असलं पाहिजे : कुठे पाचोळा आधी गोळा करायचा, जाळरेषा कुणी आणि केव्हा साफ करायच्या, मोहाखालची जमीन न जाळता कशी झाडायची, आग लागली तर कुणी धावायचं. आणि ते पान लिहिताना वनरक्षकाच्या शेजारी गावातली वेचणारी बाई आणि जुना जाणता बसलेला असला पाहिजे. वाचकांपैकी जे अशा गावांत काम करतात, त्यांनी येत्या फेब्रुवारीच्या आत, पाचोळा वाळण्यापूर्वी, हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा.

पुढच्या लेखांकात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे जाऊ. तिथल्या अर्नहेम लँडमध्ये मूलनिवासींनी हंगामाच्या सुरुवातीलाच आग लावून हवेत जाणारा कार्बन कमी केला आणि त्यातून आपल्या माणसांसाठी रोजगारही उभा केला.

(क्रमशः)