हवालदाराचे तीस हजार

भोकरहून मुदखेडकडे जाणाऱ्या गाडीत औषधांची पिशवी सांभाळत बसलेला निवृत्त जवान दिसला, तर तो बहुधा ‘ईसीएचएस’चा सभासद असतो. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना हे तिचे पूर्ण नाव. १ एप्रिल २००३ रोजी ती सुरू झाली.

हप्ते नाहीत. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी कापली जाते. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंत ३० हजार, सुभेदारांना ६७ हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार रुपये. जोडीदार आणि अवलंबून असलेले आईवडील, मुले त्यातच येतात. आजच्या दवाखान्यांची बिले पाहता सौदा स्वस्तच म्हणायचा!

मात्र बहुतेकांसाठी वाट ठरलेली आहे. आधी योजनेचे पॉलिक्लिनिक, तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी, मग यादीवरचे रुग्णालय. तिथे सहसा रोख भरावी लागत नाही. पॉलिक्लिनिकमध्ये औषध नसेल, तर तसा शेरा घेऊन ते बाजारातून आणता येते आणि बिलाचा परतावा मागता येतो.

छातीत कळ आली, तर चिठ्ठीसाठी थांबायचे नाही. जवळचे रुग्णालय गाठावे, ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवावे. रुग्णालय यादीबाहेरचे असेल, तर बिल आधी स्वतः भरावे लागते आणि परतावा सरकारी दरानेच मिळतो. वरचा फरक घरच्यांच्या खिशातून जातो.