मागणे आणि हाव

घरातला मुलगा इंग्रजी रॉक गाणी लावून बसला, की वडीलधाऱ्यांची तक्रार ठरलेली असते : “हा कसला धांगडधिंगा? सदा आपले मला हे हवे, मला ते हवे!” तक्रार अगदीच खोटी नाही. ‘रोलिंग स्टोन्स’ या गायकमंडळींचे १९६५ साली गाजलेले ‘सॅटिस्फॅक्शन’ हे गाणे तर असमाधानाचेच आहे. परंतु ती हाव नव्हे. जाहिराती रोज नवी इच्छा विकतात आणि माणूस मात्र रिकामाच राहतो, याचा तो वैताग आहे.

या इच्छेचे मूळ शोधू गेल्यास आपण शेतात जाऊन पोहोचतो. या मंडळींनी आपले नाव घेतले ते मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्यावरून. मडी वॉटर्स हा अमेरिकेत मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणारा मजूर. १९४३ साली तो पोटासाठी शिकागोस गेला आणि शेतमजुरांचे ‘ब्लूज’ गाणे त्याने विजेच्या गिटारवर चढविले. रॉकच्या मुळाशी असे हे गाव सोडलेल्या मजुराचे मागणे आहे.

पोटासाठी गाव सोडणे आपल्याला का परके आहे? पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात पोशेरा हे गाव आहे. जव्हार-मोखाड्याचा हा मुलूख डोंगराळ. पीक भात, नागली, वरई. पाऊस धो धो, पण पावसाळा संपला की हाताला काम नाही. दिवाळी सरते न सरते तोच कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड उचलून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात.

याच मुलखात वारल्यांची गाणी आहेत. लग्नात धवलेरी गाते. कणसरी ही धान्याची देवता. भोपळ्याच्या तारप्याभोवती जो फेर धरला जातो, त्यात कोणी एकटा नाचत नाही. हातात हात गुंफलेले असतात. तेथले मागणे ‘मला’ नव्हे, ‘आम्हांला’ : पाऊस पडावा, कणगी भरावी, लेकरे जगावीत.

शहरी कानाला हे मागणे लहान वाटेल. पण १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, हे आठवले म्हणजे भरलेली कणगी ही केवढी महत्त्वाकांक्षा आहे ते कळते. आणि दिवाळीनंतर बिऱ्हाडे हलली, की फेरातले ते हातही सुटतात.

तेव्हा गाण्यातले ‘हवे’ किती मोठे, हे मोजू नये. गाणाऱ्याजवळ काय नाही, ते आधी विचारावे. मुलाच्या खोलीचे दार लावून घेण्यापूर्वीही एवढे विचारायला हरकत नाही.