चढवलेला पाटा

नव्या रायपूरचे वय आणि भारतातल्या छोट्या मालवाहू गाडीचे वय जवळपास सारखे आहे. छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले, रायपूरच्या आग्नेयेला मंदिर हसौद-अभनपूरकडच्या शेतजमिनीवर नव्या राजधानीची आखणी झाली आणि 2012 च्या नोव्हेंबरात मंत्रालय तिकडे हलले. याच काळात, 2005 च्या मे महिन्यात, पाऊण टन माल नेणारी टाटा एस आली. 2011 मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली. बोलेरो पिकअप सव्वा टनावरून 1.7 टनांपर्यंत गेली आणि 2023 मध्ये महिंद्राने त्याच घराण्यातली गाडी 2 टनांपर्यंतच्या क्षमतेची केली. (मराठी माणूस या सगळ्यांना सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो. 1958 साली सुरू झालेल्या फिरोदियांच्या बजाज टेम्पोचे नाव गाडीच्या जातीला चिकटले ते कायमचे.) कारखान्याने क्षमता वाढवली तसे ओझेही तिच्या पुढे एक पाऊल राहिले आणि मागून बसलेली पिकअप हे रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य झाले. या वीस वर्षांत त्यावर सर्वांत जास्त झालेला उपाय एकच: पाटा चढवणे, म्हणजे मागच्या स्प्रिंगमध्ये जास्तीची पट्टी घालणे. माझे म्हणणे असे की या उपायाने गाडीची उंची दुरुस्त झाली, भार नाही. आणि उंची दुरुस्त करताना भार सांगणारी एकमेव खूण आपण पुसून टाकली.

आधी पाटा काम कसे करतो ते पाहू. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या मधे सेंटर बोल्टने आणि यू-बोल्टने धुऱ्याला आवळलेल्या, एक टोक चेसीला पक्के, दुसरे झुलत्या शॅकलवर. भार आला की कमान सपाट होते, उतरला की परत उठते. हे बसणे म्हणजे बिघाड नव्हे, ते पाट्याचे कामच आहे. बिघाड तेव्हा, जेव्हा रिकामी गाडीही मागून खालीच राहते, कारण पोलाद कायमचे वाकलेले असते. मिस्त्रीकडे येणाऱ्या गाडीत या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात आणि दोन्हींवर औषध मात्र एकच दिले जाते. सहा पाट्यांच्या गड्डीत तेवढ्याच जाडीचा सातवा घातला तर ताठरपणा साधारण सहाव्या हिश्श्याने वाढतो. पण ताठरपणा जाडीच्या घनात वाढत असल्याने एक जाड पाटा गाडीला चांगलीच उचलून धरतो, आणि पैसे वसूल झाल्याचे समाधान मालकाला लगेच मिळते. दुसरी पद्धत जुनेच पाटे ऐरणीवर ठोकून कमान परत आणण्याची. ती स्वस्त आहे, पण स्प्रिंगच्या पोलादाचा गुण पाणी देण्याच्या आणि पुन्हा तापवण्याच्या ठरावीक क्रमातून येतो, हातोड्यातून नाही. ठोकलेली कमान एका हंगामात पुन्हा बसते, आणि तापवून ठोकली तर मूळ गुणही जातो.

छत्तीसगडमध्ये हंगाम म्हणजे धानाचा. सरकारी खरेदी 40 किलोच्या बारदानात होते, त्यामुळे हिशेब बोटांवर करता येतो. सव्वा टनाच्या गाडीत 31 पोती बसतात, 1.7 टनाच्या गाडीत 42. आता 2023 च्या हंगामापासून खरेदीची मर्यादा एकरी 21 क्विंटल आहे, म्हणजे एका एकराची 52 पोती आणि वर अर्धे. एका एकराचे धान एका खेपेत सोसायटीवर पोहोचवायचे तर जवळजवळ प्रत्येक पिकअप आपल्या मर्यादेबाहेर जाते. इथे लोभापेक्षा गणिताचा वाटा मोठा आहे: पीक एकराने मोजले जाते, गाडी टनाने. शहर उभे राहत असताना हीच गोष्ट सळ्यांची आणि सिमेंटची होती. रायपूरजवळच्या उरला आणि सिलतरा इथल्या कारखान्यांतून निघालेले लोखंड हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच वजनाची हद्द ओलांडते, कारण डोळा आकार पाहतो. हा डोळ्याचा चकवा मोडणारी एकच गोष्ट गाडीवर होती, ती म्हणजे बसलेला मागचा भाग.

ओढण्याच्या कामात हा चकवा आणखी खोल असतो. अमेरिकेत पिकअप बऱ्याचदा ट्रेलर ओढण्यासाठी घेतली जाते. आपल्याकडे मागे जोडायचे ते काँक्रीटचे मिक्सर किंवा चाकांवरचा जनरेटर, पण तरफेचा नियम दोन्हीकडे तोच. पुढच्या-मागच्या चाकांत 3 मीटर अंतर आणि हूक मागच्या धुऱ्यापासून 1.2 मीटर मागे असेल, तर हुकावर आलेले 150 किलो मागच्या धुऱ्यावर 210 किलो होऊन पडतात आणि पुढच्या धुऱ्यावरून 60 किलो उचलतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते, पुढचे ब्रेक कमी पकडतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. अशा गाडीला मागे पाटा घातला तर हेडलाइट खाली येतील, पण पुढच्या चाकांवरून गेलेले 60 किलो परत येणार नाहीत. ते परत आणतो तो भार वाटून देणारा हूक, जो पोलादी दांड्यांच्या ताणाने वजनाचा काही भाग पुढच्या धुऱ्यावर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो. किंवा मग ट्रेलरवरचा माल थोडा पुढेमागे करून हुकावरचे वजन बेताचे ठेवणे.

अनेक पिकअपांच्या मागच्या धुऱ्यापाशी ब्रेकच्या नळीत एक झडप असते. हौदा धुऱ्यापासून किती उंच आहे यावरून ती भार ओळखते. गाडी खाली बसली तर मागच्या ब्रेकला जास्त दाब देते, वर असली तर गाडी रिकामी समजून दाब कमी करते, म्हणजे रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊ नयेत. पाटा चढवून गाडी उचलली आणि झडपेची दांडी नव्याने जुळवली नाही, तर दोन टन भरलेली गाडीही तिला रिकामीच वाटते. म्हणजे नेमका जेव्हा मागचा ब्रेक जास्त लागायला हवा, तेव्हा तो कमी लागतो. पाट्याच्या विरोधातले माझ्या मते सर्वांत वजनदार कारण हेच.

यावर मिस्त्रींचे उत्तर पोकळ नाही. ते म्हणतात, जास्तीचा पाटा घातल्याने मूळ पाट्यांवरचा ताण कमी होतो, ते तुटत नाहीत, हौदा धुऱ्यावर आदळत नाही. खरे आहे. पण कमी झालेला ताण हवेत विरत नाही. पाटा सोसायला लागला की पुढची दुबळी कडी सोसायची थांबते: शॅकल, चेसीवरची कंसपट्टी, बेअरिंग, टायर. शिवाय रिकाम्या परतीच्या खेपेत कडक झालेला मागचा भाग उड्या मारतो आणि चाक रस्ता सोडते. नव्या रायपूरच्या रुंद, सपाट रस्त्यांवर हे जाणवणार नाही, मुरुमाच्या वाटेवर जाणवेल. पाट्यांच्या जोडीला बसवतात त्या हवेच्या फुग्यांचे म्हणाल तर ते या बाबतीत बरे, कारण रिकाम्या गाडीत हवा काढता येते; पण फुगे बनवणारेही त्याने गाडीची मंजूर क्षमता वाढते असे म्हणत नाहीत. जुने थकलेले पाटे काढून त्याच मापाची नवी गड्डी घालणे, बुश आणि शॅकल बदलणे, याला मात्र माझा काहीच आक्षेप नाही. ती दुरुस्ती आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे: कायद्याच्या वजनात भाडे परवडत नाही. या वीस वर्षांचा पुरावा याच्या उलट जातो. सर्वोच्च न्यायालयाने 9 नोव्हेंबर 2005 च्या निकालात दंड भरून जादा माल तसाच पुढे नेण्याची सोय बंद केली. पुढे 16 जुलै 2018 रोजी केंद्राने मोठ्या ट्रकांची धुऱ्यावरची मर्यादाच वाढवली, दोन धुऱ्यांचा ट्रक 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेला. ट्रकवाल्यांची चांदी व्हायला हवी होती. झाले असे की त्याच गाड्यांत जास्त माल मावू लागला, गाड्या जास्त झाल्या आणि भाड्यांवर दबाव आला. जास्त वजनाचा फायदा माल पाठवणाऱ्याकडे गेला, झीज गाडीवाल्याकडे राहिली. पिकअपच्या बाबतीत वेगळे घडण्याचे कारण दिसत नाही: सगळेच 50 पोती नेऊ लागले की भाडे 50 पोत्यांचेच ठरते आणि 31 नेणारा मूर्ख ठरतो. त्यात 1 सप्टेंबर 2019 पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने जादा वजनाचा दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनाला 2,000 केला. एका दंडात पाट्यांची नवी गड्डी येते.

मिस्त्रीकडे जाण्याआधी, म्हणून, काट्यावर जा. पूर्ण भरलेली गाडी, हुकाला जे ओढायचे ते जोडून, आधी फक्त पुढच्या चाकांवर उभी करा, मग फक्त मागच्या, आणि दोन्ही आकडे आरसीवर लिहिलेल्या धुऱ्यांच्या वजनाशी ताडून पाहा. मागचा आकडा मर्यादेत असून गाडी बसत असेल तर पाटे बदला. आकडा वर असेल तर पोती उतरवा.