घेताना घाई, देताना दिरंगाई

११ ऑगस्ट २०२५ रोजी विरोधकांच्या घोषणांच्या गदारोळातच लोकसभेने नवे प्राप्तिकर विधेयक काही मिनिटांत संमत केले. बिहारमधील मतदारयाद्यांच्या फेरतपासणीवरून सभागृह पेटलेले होते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या ५३६ कलमांच्या या विधेयकावर चर्चा अशी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही त्यावर मोहोर उमटवली. या धावपळीत एक गोष्ट जवळपास कोणाच्याच लक्षात आली नाही. १३ फेब्रुवारीला मांडलेल्या मूळ मसुद्यातील एक उपकलम अंतिम विधेयकातून निमूटपणे वगळण्यात आले होते. ते राहिले असते, तर मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्या करदात्याला स्वतःचाच जादा कापला गेलेला पैसा परत मागता आला नसता.

बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील ३१ सदस्यांच्या प्रवर समितीने २१ जुलै रोजी सादर केलेल्या अहवालात २८५ शिफारशी होत्या. हे उपकलम काढून टाकावे, ही त्यांपैकी एक. समितीचा युक्तिवाद साधा होता. ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे, पण ज्याच्या पैशातून कर आधीच कापून घेतला गेला आहे, त्याला केवळ परताव्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. तो तारीख चुकला म्हणून त्याचे पैसे सरकारने गिळंकृत करावेत, हे न्यायाचे नव्हे. असे लोक कोण, हे राजधानीतल्या मराठी वस्त्यांना सांगावे लागू नये. पाच वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडून भविष्य निर्वाह निधी काढणारा कारखान्यातील कामगार, मुदतठेवीच्या व्याजावर घर चालवणारी विधवा, कागदपत्रे गावी आणि नोकरी परमुलखात असलेला कनिष्ठ कर्मचारी. यांच्यासाठी दोन-चार हजारांचा परतावा म्हणजे गावी जाण्यायेण्याचे भाडे असते.

परताव्याच्या व्यवस्थेत काहीच सुधारले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टपालाने येणाऱ्या धनादेशाची वाट पाहण्याचे आणि तो जुन्या पत्त्यावरून परत गेला की कार्यालयाचे खेटे घालण्याचे दिवस सरले. २००७ मध्ये दिल्ली व पाटणा येथे स्टेट बँकेमार्फत परतावा देण्याचा प्रयोग सुरू झाला, २००९ मध्ये बंगळुरूचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र उभे राहिले आणि १ मार्च २०१९ पासून परतावा थेट बँक खात्यातच जमा होऊ लागला. २०१३-१४ मध्ये दिलेले परतावे सुमारे ८३ हजार कोटी रुपयांचे होते, २०२४-२५ मध्ये हा आकडा ४.७७ लाख कोटींवर गेला. सरासरी कालावधी ९३ दिवसांवरून १७ दिवसांवर आला, असे अर्थखात्याच्या वर्तुळातून सांगितले गेले. मात्र सरासरीचा दोष असा, की ज्याचा परतावा तीन वर्षे अडकला आहे तो तीत दिसत नाही.

हे अडकणे बहुधा जुन्या थकबाकीपाशी सुरू होते. सरकारला येणे असलेली रक्कम परताव्यातून वळती करून घेण्याचा अधिकार १९६१ च्या कायद्याच्या कलम २४५ ने दिला. पण त्यासाठी करदात्याला आधी लेखी कळवणे बंधनकारक केले. संगणकीकरण झाले तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यालयांनी वह्यांमधली जुनी येणी तपासून न पाहता यंत्रात भरली आणि यंत्राने ती परताव्यातून कापायला सुरुवात केली. ज्याने तो कर दहा वर्षांपूर्वी भरला होता, त्याच्याकडेही पावती मागितली जाऊ लागली. एका सनदी लेखापालाने या प्रकाराविषयी दिल्ली उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १४ मार्च २०१३ रोजी खात्याला आदेश दिले. पूर्वसूचना दिल्याशिवाय आणि उत्तर विचारात घेतल्याशिवाय रक्कम वळती करू नये, मालकाने कापलेल्या कराचा तपशील जुळत नाही एवढ्या कारणावरून करदात्याला वेठीस धरू नये, असा त्यांचा आशय होता. तरीही हा गुंता सुटायला आणखी अकरा वर्षे लागली, तीही अंशतःच. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी सांगितले, की १९६२ पर्यंत मागे जाणाऱ्या किरकोळ, न पडताळलेल्या मागण्या वहीत पडून असून त्यांमुळे पुढच्या वर्षांचे परतावे अडतात. मग २००९-१० पर्यंतच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील दहा हजारांपर्यंतच्या मागण्या सोडून देण्यात आल्या. स्वतः अर्थमंत्र्यांनी सभागृहात दिलेली ही कबुली होती.

करदाता उशिरा पैसे भरतो तेव्हा त्याच्याकडून महिन्याला एक टक्का व्याज घेतले जाते. सरकार उशिरा परत करते तेव्हा महिन्याला अर्धा टक्का देते, आणि परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. नव्या कायद्यातही अर्ध्या टक्क्याचा दर तसाच राहिला. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीच्या खटल्यात २७ जानेवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बारा ते सतरा वर्षे रखडवलेल्या व्याजाबद्दल खात्याला भरपाई द्यायला लावली. परंतु वर्षानुवर्षे वकील पोसणे कंपनीला परवडते, पगारदाराला नव्हे. या व्याजाचा एक संसदीय पैलूही आहे, आणि तो फारसा चर्चिला जात नाही. परताव्यावरचे व्याज हा सरकारचा खर्च. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११४ नुसार संसदेच्या विनियोजनाशिवाय संचित निधीतून पैसा काढता येत नाही. पण खाते हे व्याज महसुलातूनच वजा करत आले. महालेखापरीक्षकांनी अनेक अहवालांत यावर बोट ठेवले, लोकलेखा समितीनेही नापसंती नोंदवली. दिरंगाईपायी तिजोरीला किती भुर्दंड पडतो, हे सभागृहापुढे स्वतंत्र मागणी म्हणून आलेच नाही, तर त्या दिरंगाईचा जाब विचारणार तरी कोण?

विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी न केल्यास ते भरलेच नाही असे धरले जाते, आणि परताव्याची वाट पाहणाऱ्यांपैकी अनेकांना हे उशिरा कळते. मराठी माणसाच्या वाट्याला आणखी एक खास अडचण येते, ती नावाची. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव, असा आपल्याकडचा क्रम. पॅनवर एक, आधारवर दुसरा, बँकेत तिसरा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची तर आणखीच पंचाईत. खात्याची पूर्वपडताळणी नावावर अडते आणि परतावा मंजूर होऊनही परत जातो. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरवले गेले. त्या स्थितीत परतावा मिळत नाही आणि त्या काळाचे व्याजही नाही. मुदत हुकलेल्यांसाठी एक दार मात्र उघडे ठेवण्यात आले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो, एक कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्तांच्या पातळीवर होतो. पूर्वी ही मर्यादा सहा वर्षांची होती. अशा दाव्यावर व्याज मिळत नाही, आणि आजारपण किंवा बदली ही कारणे कागदानिशी सिद्ध करावी लागतात.

कराच्या बाबतीत निदान कलम आहे, दर आहे, न्यायालय आहे. सरकारी मदतीच्या बाबतीत हे सारे विरळ होत जाते. थेट हस्तांतरणाची योजना १ जानेवारी २०१३ रोजी सुरू झाली, तेव्हा मधला दलाल गेला असे सांगण्यात आले. ते बरेचसे खरेही होते. पण आधारच्या आधाराने जाणारा पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, लाभार्थ्याला वाटते त्या खात्यात नव्हे. २०१७ मध्ये एका दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांचे गॅसचे अनुदान त्यांच्या नकळत उघडलेल्या पेमेंट्स बँकेच्या खात्यांत जमा झाल्याचे उघडकीस आले. पडद्यावर ‘रक्कम जमा’ असेच दिसत होते, आणि ते खोटेही नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि बांधकाम कामगार कल्याण मंडळांच्या उपकरातून मजुरांना मदत देण्याची सूचना केंद्राने राज्यांना केली. दिल्ली सरकारने पाच हजार रुपये दिले, पण ते नोंदणीकृत कामगारांना. ज्याची नोंद नाही, तो रांगेतच नव्हता. त्या वर्षी १४ सप्टेंबरला लोकसभेत स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंविषयी प्रश्न आला, तेव्हा अशी आकडेवारी ठेवलेली नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असे लेखी उत्तर कामगार खात्याने दिले. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने उशिरा मिळालेल्या मजुरीवर दिवसाला ०.०५ टक्का भरपाई ठरवली होती. पण देयकाचा आदेश संगणकावर निघाला, की घड्याळ थांबवले जाई. पुढे दिल्लीत पैसा कितीही काळ पडून राहिला, तरी तो विलंब मोजला जात नसे. सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये हे निदर्शनास आणून द्यावे लागले.

करोलबागेत सोने-चांदी गाळणाऱ्या खानापूर-आटपाडीकडच्या कारागिरांची शेती गावीच असते. अतिवृष्टीची मदत जाहीर होते, यादीत नाव लागते, आणि प्रमाणीकरणासाठी गावाकडच्या केंद्रावर हजर राहावे लागते. रेल्वेचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली, तर कोरडवाहू एकराची मदत घेण्यासाठी जावे की न जावे, हा हिशेब त्यांना दरवेळी करावा लागतो. न गेलेल्यांची नावे यादीत ‘प्रलंबित’ म्हणून राहतात.