चर्चासत्रातील शोधनिबंधाचे सादरीकरण : स्लाईडच्या पलीकडे

प्रस्तावना :

महाविद्यालयीन चर्चासत्रात एका शोधनिबंधाच्या वाट्याला बहुधा आठ ते दहा मिनिटे येतात. उद्घाटन समारंभ लांबला की तीही पाचावर येतात. निबंध पुढे छापून येणारच असेल, तर तो सभागृहात मांडण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. आपला निष्कर्ष जाणकारांसमोर ठेवणे आणि त्यांच्या प्रश्नांच्या कसोटीवर तो तपासून घेणे, हे ते प्रयोजन होय. मुद्दाच पोहोचला नाही तर प्रश्न निर्माण होत नाही; आणि प्रश्नाविना संशोधक प्रमाणपत्र घेऊन परततो, निबंधातील उणीव मात्र तशीच राहते. स्लाईडवर सारी भिस्त न ठेवता सादरीकरण परिणामकारक कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्लाईडचे स्वरूप व मर्यादा :

१९८७ साली पॉवरपॉइंट प्रथम बाजारात आले, ते ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शिका तयार करण्याचे साधन म्हणून. वक्त्याच्या बोलण्याला पूरक चित्र वा आकृती दाखवणे, हे या साधनाचे खरे काम. प्रत्यक्षात मात्र संपूर्ण निबंधच पडद्यावर उतरतो आणि श्रोत्यांकडे पाठ करून तो वाचला जातो. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने बहुमाध्यमी अध्ययनाचा अभ्यास करताना असे दाखवून दिले की, चित्राला तोंडी निवेदनाची जोड दिल्यास आकलन सुधारते. परंतु तेच निवेदन शब्दशः पडद्यावरही दिल्यास आकलनात बहुधा अडथळा येतो. डोळे आपल्या गतीने वाचतात, कान वक्त्याच्या गतीने ऐकतात आणि या ओढाताणीत अवधान विभागले जाते.

कोलंबियाचे उदाहरण :

दाटीवाटीच्या स्लाईडमुळे महत्त्वाची बाब कशी झाकोळते, याचे गंभीर उदाहरण अमेरिकेतील आहे. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणावेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी संभाव्य हानीचे विश्लेषण स्लाईडद्वारे वरिष्ठांसमोर मांडले. त्यांतील एका स्लाईडचे शीर्षक दिलासा देणारे होते. चाचण्यांत वापरलेला तुकडा सुमारे ३ घन इंचांचा, तर प्रत्यक्ष आदळलेला सुमारे १९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा होता. ही निर्णायक बाब त्या स्लाईडच्या अगदी तळाशी, उपमुद्द्यांच्या गर्दीत होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान परतीच्या प्रवासात नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुर्घटनेचे थेट कारण फोमचा आघात हेच होते. तथापि त्याच वर्षीच्या चौकशी अहवालात एडवर्ड टफ्टी यांनी केलेल्या या स्लाईडच्या विश्लेषणाची दखल घेण्यात आली. ती वाचून धोक्याची जाणीव न होणे सहज शक्य होते, असा अहवालाचा अभिप्राय आहे.

कीर्तन परंपरेतील मांडणी :

पडद्याशिवाय श्रोत्यांचे अवधान टिकवण्याची समृद्ध परंपरा मराठीत आहे. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात एक पद वा अभंग घेतो आणि त्याचेच निरूपण करतो. उत्तररंगात एका आख्यानाद्वारे तोच विचार दृढ करतो. मूळ पदाकडे तो वेळोवेळी परततो, त्यामुळे मधेच येऊन बसलेल्या श्रोत्यालाही विषयाचा धागा सापडतो. निबंधवाचनाचे कीर्तन करावे, असा याचा अर्थ नव्हे. एक सूत्र, त्याचे निरूपण आणि एका उदाहरणाने त्याची सिद्धता ही मांडणी संशोधनालाही लागू पडते.

सादरीकरणाची पूर्वतयारी :

१. निबंधाचा निष्कर्ष प्रथम एका वाक्यात लिहून काढावा. ते वाक्य पहिल्याच मिनिटात सांगावे. विषयाची व्याख्या, उद्दिष्टे व गृहीतके यांतच निम्मा वेळ खर्ची पडतो आणि निष्कर्षाच्या वेळी सत्राध्यक्षांची घंटा वाजते, हे त्यामुळे टळते.

२. निष्कर्षाला आधार देणारा एकच सबळ पुरावा निवडून तो सविस्तर उलगडावा. उर्वरित पुरावे छापील निबंधात असतातच.

३. जे शब्दांनी सांगता येत नाही तेवढ्यासाठीच स्लाईड वापरावी. नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखातील अंकांवर बोलताना त्या अंकांचे छायाचित्र अपरिहार्य आहे. ते दाखवून वक्त्याने क्षणभर थांबावे, श्रोत्यांना पाहू द्यावे आणि मगच वाचन सुरू करावे. लेखाचा काळ वा महत्त्व सांगण्यासाठी मात्र स्लाईडची गरज नाही. काम संपताच पडदा कोरा करावा, म्हणजे लक्ष पुन्हा वक्त्याकडे वळते.

४. मोठे तक्ते पडद्यावर दाखवू नयेत. त्यांतील आवश्यक दोन-तीन आकडे फळ्यावर लिहावेत किंवा संपूर्ण तक्ता एका पानाच्या टिपणात छापून वाटावा.

५. घड्याळ लावून, मोठ्याने बोलून किमान दोनदा सराव करावा. वीज गेली वा प्रोजेक्टर बंद पडला तरी सादरीकरण पूर्ण करता येते का, हे एकदा स्लाईडविना बोलून पाहावे.

६. दहांपैकी किमान दोन मिनिटे चर्चेसाठी राखावीत. ज्या मुद्द्याबाबत स्वतःला शंका आहे तोच शेवटी श्रोत्यांसमोर ठेवावा. ‘काही प्रश्न आहेत का?’ या औपचारिक विचारणेला बहुधा शांतताच उत्तर देते. नेमक्या शंकेला मात्र नेमका प्रतिसाद मिळतो.

समारोप :

स्लाईड हे उपयुक्त साधन आहे. तिचा त्याग करण्याचे कारण नाही. मात्र काय सांगायचे व काय गाळायचे हा निर्णय संशोधकाचा आहे आणि तो साधनावर सोपवता येत नाही. सत्राध्यक्षांनी वेळेचे बंधन पाळून घेतले आणि आयोजकांनी सत्रातील निबंधांची संख्या मर्यादित ठेवली, तर या प्रयत्नांना बळ मिळेल. ज्या निबंधावर एक तरी मार्मिक प्रश्न विचारला गेला, त्याचे सादरीकरण सार्थकी लागले असे म्हणता येईल.