परसातील भिंतीवर मातीविना पालेभाजी
खानदेशातील घरांसाठी अल्प खर्चाची उभी बाग

खानदेशात चैत्र लागला की परसातील वाफे ओस पडू लागतात. विहिरीचे पाणी खाली जाते, नळाचे पाणी दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येते आणि उरलेले पाणी माणसांना व जनावरांना पुरवावे लागते. अशा वेळी बाजारातील पालेभाजी महागते व दुपारपर्यंत कोमेजते. ज्यांना स्वतःची जमीन नाही किंवा ज्यांच्या घरामागे वाफा करण्याइतकी जागाही नाही, त्या शेतमजूर कुटुंबांच्या जेवणातून हिरवी भाजी याच दिवसांत नाहीशी होते. भिंतीचा एक कोपरा, टाकाऊ बाटल्या आणि दोन बादल्या पाणी एवढ्या साधनांवर या कुटुंबांना थोडी पालेभाजी घरी कशी पिकविता येईल, याची माहिती येथे दिली आहे. या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. कारण मर्यादा न सांगता केलेला प्रसार पहिल्याच उन्हाळ्यात फसतो.

मातीविना पीक कसे वाढते?

पिकाला मातीपासून मुख्यतः तीन गोष्टी मिळतात : मुळांना आधार, पाणी आणि पाण्यात विरघळलेली अन्नद्रव्ये. मुळांना लागणारी हवाही मातीच्या पोकळ्यांतूनच मिळते. या चारही गोष्टी दुसऱ्या मार्गाने पुरविल्या तर माती नसली तरी पीक वाढते. जर्मनीतील साक्स व नॉप या शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास केवळ क्षारयुक्त पाण्यात रोपे वाढवून हे सिद्ध केले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९२९ पासून या तत्त्वावर प्रत्यक्ष पिके घेतली व १९३७ मध्ये या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले.

या पद्धतीची यंत्रे महाग होती. त्यामुळे सामान्य कुटुंबांना परवडेल असा मार्ग शोधण्याचा प्रयत्न आपल्याच देशात झाला. जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिम्पाँग येथे खडी व वाळू यांच्या मिश्रणात पंपाशिवाय भाजीपाला घेण्याचे प्रयोग केले. ही पद्धती ‘बंगाल पद्धती’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे वर्णिलेल्या बागेतही पंप किंवा वीज लागत नाही.

खानदेशातील शेतकऱ्याला हे तत्त्व परके नाही. केळीला ठिबकातून विद्राव्य खते देणारा शेतकरी पाण्यातूनच पिकाला अन्न देत असतो. ऊतिसंवर्धित केळीची रोपेही सुरुवातीस मातीऐवजी नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढविली जातात. फरक एवढाच की, शेतात खताचा हप्ता एखादे वेळी चुकला तर जमीन ती उणीव काही दिवस भरून काढते. बाटलीत अशी शिल्लक नसते. म्हणून येथे नियमितपणाला सर्वांत अधिक महत्त्व आहे.

जागेची निवड

पूर्वेकडील भिंत सर्वांत उत्तम होय. तेथे सकाळचे चार-पाच तास ऊन मिळते व दुपारनंतर सावली पडते. पश्चिमेकडील भिंत टाळावी. दुपारच्या उन्हाने तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकते. फाल्गुनापासून पावसाळा लागेपर्यंत वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी किंवा जुने सुती लुगडे ताणावे.

बाटल्यांची माळ

दोन लिटरच्या शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या घ्याव्यात. प्रत्येक बाटलीचा तळ कापून ती उलटी धरावी. बुचाला तापविलेल्या सुईने तीन-चार भोके पाडावीत व मिश्रण वाहून जाऊ नये म्हणून बुचावर आतून काथ्याची चकती बसवावी. बाटलीच्या अंगाला सुमारे दोन इंच रुंद व अडीच इंच उंच खिडकी कापावी. रोप या खिडकीतून बाहेर वाढते. वरच्या बाटलीचे तोंड खालच्या बाटलीच्या उघड्या तळात बसेल अशा रीतीने पाच बाटल्यांची एक माळ करावी व ती बांबूला तारेने बांधावी. अशी माळ सुमारे चार-साडेचार फूट उंच होते.

उजेड आत गेल्यास बाटलीत शेवाळ धरते. म्हणून खिडकी सोडून बाटलीला प्रथम काळा व त्यावर पांढरा रंग द्यावा किंवा जाड कापड गुंडाळावे. माळांच्या खाली प्लॅस्टिकच्या पाइपची अर्धी चिरलेली पन्हळ थोड्या उतारावर बसवावी व तिच्या तोंडाशी बादली ठेवावी. पन्हळीसाठी जस्ताचा पत्रा किंवा द्रावणासाठी तांब्या-पितळेचे भांडे वापरू नये. हे धातू द्रावणात उतरून मुळांना अपाय करतात.

भरावाचे मिश्रण

गव्हापासून हरभऱ्याएवढे भाजक्या विटेचे तुकडे तीन भाग, जाड वाळू एक भाग आणि काथ्याचा भुसा एक भाग असे मिश्रण करावे. विटेची धूळ पूर्ण निघेपर्यंत तुकडे धुवावेत. भुशात क्षार असतात, म्हणून तो दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून पिळावा.

वाळूची परीक्षा अवश्य करावी. आपल्याकडील नाल्यांच्या वाळूत चुनखडीचे खडे पुष्कळदा असतात. चिमूटभर वाळूवर लिंबाचा रस टाकावा. फेस आला तर त्या वाळूत चुना आहे असे समजून ती वापरू नये; चुन्यामुळे द्रावण अल्कधर्मी होते व रोपांना लोह मिळेनासे होते.

पाणी व पोषक द्रावण

सर्वच विहिरींचे पाणी या कामास चालत नाही. पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. विद्युत वाहकता ०.७५ पर्यंत असल्यास पाणी चांगले; १.५ च्या वर असल्यास ते वापरू नये. पावसाळ्यात कौलांवरचे किंवा पत्र्यावरचे पाणी साठविता आल्यास ते उत्तम होय. साबणाचे सांडपाणी मात्र या बागेस कधीही घालू नये.

ठिबकासाठी विकली जाणारी विद्राव्य खते येथे उपयोगी पडतात. १०० लिटर द्रावणासाठी दोन वेगळ्या बाटल्या पुढीलप्रमाणे तयार कराव्यात :

‘अ’ बाटली, एक लिटर पाण्यात : कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम व चिलेटेड लोह (१२ टक्के) २ ग्रॅम.

‘ब’ बाटली, एक लिटर पाण्यात : पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) ४० ग्रॅम, मोनो पोटॅशियम फॉस्फेट (०:५२:३४) १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण २ ग्रॅम.

दहा लिटर साध्या पाण्यात प्रथम ‘अ’ मधील १०० मिलिलिटर घालून चांगले ढवळावे व नंतर ‘ब’ मधील १०० मिलिलिटर घालावे. दोन्ही बाटल्यांतील दाट द्रावण एकमेकांत थेट मिसळू नये. तसे केल्यास कॅल्शियम हे सल्फेट व फॉस्फेट यांच्याशी संयोग पावून पांढरा साका तळाशी बसतो आणि ते अन्न रोपाला मिळत नाही.

तयार द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ असावा. तो सामूदर्शक कागदाने पाहता येतो. सामू अधिक असल्यास लिंबाचा रस थोडा थोडा घालून तो खाली आणावा. परंतु हा परिणाम फार दिवस टिकत नाही, म्हणून दर दोन दिवसांनी तपासणी करावी.

ही खते किलोच्या पाकिटांत मिळतात आणि एका घराला इतके खत लवकर संपत नाही. एक किलो कॅल्शियम नायट्रेटपासून सोळाशे लिटरहून अधिक द्रावण होते. म्हणून आठ-दहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून खते घ्यावीत व ती कोरड्या, बंद डब्यात, मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत. नायट्रेटयुक्त खत जनावराने चाटल्यास विषबाधा होते.

लागवड व रोजचे काम

पहिली लागवड दसऱ्यानंतर करावी. हिवाळ्यात पालक, मेथी, कोथिंबीर व शेपू चांगली येतात. कांद्याचे गड्डे लावून पातही घेता येते. भरिताच्या दिवसांत तिला घरोघरी मागणी असते. फाल्गुनानंतर तांदुळजा, पोकळा, राजगिरा व आंबाडी यांसारख्या उष्णता सोसणाऱ्या भाज्यांकडे वळावे. वांगी, टोमॅटो यांसारखी मोठी झाडे या बाटल्यांत लावू नयेत.

बी खिडकीतूनच टोकावे. उगवण होईपर्यंत साधे पाणी, नंतर एक आठवडा निम्म्या ताकदीचे द्रावण व त्यापुढे पूर्ण द्रावण द्यावे. प्रत्येक माळेच्या वरच्या बाटलीत सुमारे दीड लिटर द्रावण सावकाश ओतावे. खाली जमलेले द्रावण पुढील वेळी पुन्हा वापरावे. हिवाळ्यात दिवसातून तीन वेळा व उन्हाळ्यात पाच वेळा ओतणे आवश्यक आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरी कोणी नसल्यास वर झाकणाचा डबा टांगून त्यातून ठिबकच्या बारीक नळीने थेंब-थेंब द्रावण सोडण्याची सोय करावी.

बादलीतील घट रोज साध्या पाण्याने भरून काढावी. दहा-बारा दिवसांनी संपूर्ण द्रावण बदलावे. जुने द्रावण विहिरीजवळ किंवा नाल्यात न टाकता लिंबाच्या किंवा केळीच्या आळ्यात घालावे. बादलीवर घट्ट झाकण किंवा दाट कापड असलेच पाहिजे. उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

उन्हाळ्यातील खरा धोका

या बागेचे सर्वाधिक नुकसान तापलेल्या द्रावणामुळे होते. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमहूनही कमी. उलट उष्णतेत मुळांची प्राणवायूची गरज वाढते व मूळकुज पसरते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा उन्हात ठेवलेली प्लॅस्टिकची बादली रोपांना मारक ठरते.

यावरील उपाय घरातच आहे. द्रावण मातीच्या रांजणात ठेवावे, रांजण सावलीत निम्मा जमिनीत पुरावा व त्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. बाटल्यांवरही दुपारी ओले कापड टाकावे. एवढे करूनही रोपे दुपारी माना टाकू लागली व मुळे तपकिरी, बुळबुळीत दिसली, तर त्या माळा रिकाम्या करून भराव उकळत्या पाण्याने धुवावा आणि मृगाची वाट पाहावी.

लक्षणे व उपाय

कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या राहिल्यास लोहाची उणीव किंवा सामू वाढला असे समजावे. जुनी पाने पिवळी पडल्यास द्रावण पातळ झालेले असते. पानांच्या कडा करपल्यास क्षार वाढलेले असतात. तेव्हा एक दिवस साधे पाणी ओतून भराव धुवून काढावा. मावा दिसताच पाने पाण्याच्या फवाऱ्याने धुवावीत व गरज पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. काढणीपूर्वी दोन-तीन दिवस केवळ साधे पाणी दिल्यास पानांतील नायट्रेटचे प्रमाण कमी होते.

लाभ किती?

आठ माळा म्हणजे चाळीस बाटल्या. त्यांपासून पाच माणसांच्या कुटुंबाला आठवड्यातून साधारण एक-दोन वेळेची पालेभाजी मिळू शकते. पाणी हिवाळ्यात रोज तीन-चार लिटर व उन्हाळ्यात सहा-आठ लिटर लागेल, असा अंदाज आहे. तितकीच रोपे वाफ्यात लावल्यास सुमारे तीन चौरस मीटर जागा लागते. उन्हाळ्यात तिला रोज १० मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले तरी ३० लिटर पाणी खर्च होते. पाण्याची ही बचत हाच या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

तथापि ज्याच्याकडे चांगली माती व पुरेसे पाणी आहे, त्याने परसातील वाफाच करावा; तो स्वस्त व सोपा आहे. भिंतीवरील बाग हा विक्रीचा धंदा नव्हे. मोठ्या नफ्याचे आश्वासन देऊन कोणी तयार संच विकत असेल, तर कर्ज काढून तो घेऊ नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी प्रथम शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर दोनच माळा लावाव्यात. रोज किती पाणी लागले, किती भाजी निघाली व कोणत्या दिवशी काय बिघडले, याची नोंद एका वहीत ठेवावी. दसऱ्यापासून होळीपर्यंतची ती वही गावातील गृहिणींना दाखवावी आणि मगच त्यांना आपल्या घरी माळ लावण्याचा सल्ला द्यावा. ज्या घरात रोजचे ओतणे चुकणार नाही, त्या घरात ही भिंत निश्चित हिरवी राहील.