एकटीचा प्रवास, मुक्काम आपल्या माणसांकडे

महाळुंग्याहून आम्ही बोलतोय.

आमच्या गावात कंपन्या आल्या, तशा ठिकठिकाणच्या बायका आल्या. कुणी संगमनेरची, कुणी बीडची, कुणी विदर्भातली. गटाच्या बैठकीत विषय निघतो, "माहेरी कधी गेली होतीस?" उत्तर बहुतेक एकच येतं, "न्यायला कुणी मोकळं नाही." नवऱ्याला सुट्टी नाही, भावाला वेळ नाही. मग लग्नकार्य किंवा कुणाच्या दहाव्यालाच जाणं होतं. मावशी, आत्या, शाळेतली मैत्रीण यांच्याकडे तर तेवढंही नाही. नाती तुटत नाहीत, पण वाट बघून बघून वाळतात. म्हणून आज आपण बोलू या, एकटीने निघायचं कसं यावर.

एकटीने निघणं काही नवं नाही. 2023 च्या मार्चमध्ये रमिला लटपटे नऊवारी नेसून, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलवर एकट्या जगप्रवासाला निघाल्या. आपल्याला जग नको, नाशिकपर्यंत जाऊन आलो तरी पुष्कळ. आणि लांबची वाट कशी चालायची हे आपल्या शेजारच्या आळंदीने केव्हाच शिकवलंय. माऊलींची पालखी एका दमात पंढरपूरला जात नाही. पुण्याला मुक्काम, सासवडला मुक्काम, मग जेजुरी. कुठे थांबायचं ते आधीच ठरलेलं असतं, म्हणून म्हातारी माणसंसुद्धा तेवढं चालतात. आपणही वाटेचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आपलं माणूस ठेवायचं.

समजा, महाळुंग्याच्या एका ताईला नाशिकला बहिणीकडे जायचंय. चाकणहून एसटी. वाटेत राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. मंचरला तिची मैत्रीण आहे, संगमनेरला आत्या. सकाळी निघून मंचर, तिथे जेवण. दुपारी पुढची गाडी धरून संध्याकाळच्या आत संगमनेर, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी नाशिक. कुठलाही टप्पा अंधारात नाही, आणि एका प्रवासात तीन घरं झाली.

तुकडे केले तर तिकीट फार वाढेल का? नाही. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, एक टप्पा 6 किलोमीटरचा. त्यामुळे मध्ये उतरून नवं तिकीट काढलं तरी फरक थोडाच पडतो. शिवाय 17 मार्च 2023 पासून महिला सन्मान योजनेत आपल्याला एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांमध्ये निम्मं तिकीट आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. पीएमपीच्या गाडीत ती नाही, तिथे पूर्ण तिकीट. आधी जागा राखून ठेवली तर आरक्षणाचे पैसेही पूर्ण. घरातल्या आजीचं वय 75 च्या वर असेल तर तिला एसटी मोफत आहे, ऑगस्ट 2022 पासून. तिचं आधार कार्ड बरोबर ठेवा. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. तेव्हापासून ही गाडी आपलीच आहे, आता ती आपल्याला निम्म्या पैशात नेते.

गाडीत चढण्याआधी कंडक्टरला एक गोष्ट विचारा, "गाडी गावात जाते का?" मंचर, नारायणगावला आता बाह्यवळण रस्ते झालेत. न थांबणारी गाडी गावाबाहेरूनच निघून जाते, नाहीतर फाट्यावर उतरवते. तिथून सामान घेऊन चालत यावं लागतं. तान्हं बाळ बरोबर असेल तर मोठ्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. पाजायला तिथे निवांत बसता येतं.

स्कुटीवर जाणाऱ्या ताईंसाठी थोडं वेगळं. लायसन, विमा, पीयूसी जवळ हवं आणि हेल्मेट डोक्यावर हवं, हँडलला नको. कंपन्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळी चाकणचे चौक टाळा. कंटेनर डावीकडे वळत असेल तर त्याच्या आणि फुटपाथच्या मधल्या जागेत गाडी घालू नका. ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. पहिल्या खेपेला राजगुरुनगर किंवा मंचरपर्यंतच जा.

आता निरोपांची साखळी. निघताना दोन फोन करायचे, एक पुढच्या घरी आणि एक गटातल्या मैत्रिणीला. "अमुक गाडीत बसले, अमुक वाजेपर्यंत पोचेन." पोचल्यावर पुन्हा दोन फोन. वेळ टळून तास झाला तर पुढच्या घरच्यांनी आपणहून फोन करायचा, हे आधीच बोलून ठेवा. चार नंबर कागदावरही लिहा, फोन बंद पडला तर कागद उपयोगी येतो. अडचण आली तर 112 लावा. महिलांसाठी 181 आहे. थोडे पैसे पर्समध्ये, थोडे वेगळे.

ज्यांच्याकडे जायचं त्यांचाही विचार हवा. किती रात्री राहणार ते आधी सांगा. नारायणगावकडे टोमॅटोची तोडणी चालू असेल तर घरात कुणाला बसायला वेळ नसतो. मग आपणही पदर खोचून शेतात जायचं, गप्पा तिथेही होतात. आणि एक नाजूक गोष्ट. कुठल्या घरी रात्र काढणं मनाला नको वाटतं, ते आपल्याला कळतं. तिथे दिवसा चहा घ्या, भेटा, पण मुक्काम दुसरीकडे करा. नातं जवळचं असलं तरी कारण सांगायला आपण बांधलेले नाही.

सगळ्यात अवघड टप्पा मात्र घराच्या उंबऱ्यावरच असतो. "पोरांचं कोण बघणार? पाणी कोण भरणार?" हे प्रश्न खरे आहेत. म्हणून तारीख पंधरा दिवस आधी सांगा, कागदावर वाट लिहून भिंतीला लावा. गटाचा हप्ता आधी भरा. आमचं म्हणणं असं की गटानेच पाळी लावावी. एक ताई निघाली की दोघींनी तिच्या घरचं दोन दिवस बघायचं, पुढच्या महिन्यात तिने त्यांचं. कर्जाला आपण एकमेकींना जामीन राहतो, तसं प्रवासालाही राहू या.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की प्रत्येकीने एक नाव सांगायचं, जिला भेटून वर्षं झालीत अशा आपल्या माणसाचं. मग त्या वाटेवर आणखी कुणाकुणाची माणसं राहतात ते बघू. एकीची मावशी दुसरीचा मुक्काम होऊ शकते.